सिएरा माद्रेच्या तिजोरीतील ३७ विटा: जग संपल्यावर सोने विकत घेतो कोण?

रात्रपाळी (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात 'फॉलआउट: न्यू वेगास' पुन्हा पहिल्यापासून खेळायला घेतला आणि 'डेड मनी' हा त्याचा विस्तारित भाग संपवताना मी सिएरा माद्रे कॅसिनोच्या तिजोरीत तिसऱ्यांदा येऊन उभा राहिलो. समोर सोन्याच्या ३७ विटा होत्या. प्रत्येकीचे वजन ३५ आणि किंमत १०,५३९ बुचे. खेळ परिचित नसलेल्यांसाठी एवढेच सांगतो की २३ ऑक्टोबर २०७७ रोजी अणुयुद्धाने जग संपते, आपली कथा २२८१ साली अमेरिकेच्या मोहावी वाळवंटात घडते आणि तिथे शीतपेयांच्या बाटल्यांची पत्र्याची बुचे चलन म्हणून वापरली जातात.

आता हिशेब पाहा. सगळ्या विटांची मिळून किंमत होते ३,८९,९४३ बुचे आणि वजन होते १,२९५. आपल्या पात्राची वाहून नेण्याची क्षमता १५० अधिक शक्तीच्या दहापट अशी ठरते, म्हणजे शक्ती ५ असेल तर २००. त्यात पाच विटा बसतात आणि बंदूक, काडतुसे, औषधे या सगळ्यांसाठी उरतात २५. शक्ती पूर्ण १० असली तरी सातच विटा. वजन मर्यादेबाहेर गेले की धावता येत नाही, आणि नेमके याच ठिकाणाहून ठरावीक वेळात बाहेर पडावे लागते, कारण गळ्यात स्फोटकांचा पट्टा असतो. शिवाय या कॅसिनोत प्रवेश करतानाच आपले सगळे सामान काढून घेतलेले असते, त्यामुळे तिजोरीपर्यंत पोहोचलेला माणूस आधीच पुरेसा कंगाल झालेला असतो.

एखादी चलाखी करून सगळ्या विटा बाहेर कशा काढायच्या, हा या धाग्याचा विषय नाही. त्या युक्त्यांवर भरपूर लिहिले गेले आहे आणि पहिल्या खेपेला मीही त्यातली एक वापरली होती. माझा प्रश्न वेगळा आहे. विटा घेऊन मोहावीत परतल्यावर मला असे आढळले की बहुतेक व्यापाऱ्यांच्या गल्ल्यात एका विटेपुरतीही रोकड नसते. विट द्यायची आणि बदल्यात चिलखत, दारूगोळा व उरलेली बुचे घ्यायची, असाच व्यवहार करावा लागतो. मग त्या व्यापाऱ्याने सोने घेतले तरी कशासाठी? त्याच्याकडून ते पुढे कोण घेणार? दोनशे वर्षांत ज्या जगात दागिना घडवणारा एकही माणूस मला दिसला नाही, त्या जगात सोन्याला १०,५३९ हा भाव कोणी लावला?

अर्धवट अर्थशास्त्री

प्रश्न उत्तम आहे, आणि त्याचे अर्धे उत्तर खेळातच दडलेले आहे असे मला वाटते.

न्यू वेगासमध्ये तीन चलने एकाच वेळी चालतात. बुचे हे एक. दुसरे न्यू कॅलिफोर्निया प्रजासत्ताकाचे कागदी डॉलर, ज्यांची शंभराची नोट ४० बुचांना जाते. तिसरी सीझरच्या लीजनची, म्हणजे रोमन धर्तीवर उभ्या राहिलेल्या पूर्वेकडील फौजेची, नाणी: चांदीचा दिनारियस ४ बुचांचा आणि सोन्याचा ऑरियस १०० बुचांचा. एका ऑरियसचे २५ दिनारियस हे प्रमाण ऑगस्टसच्या काळातील रोमन चलनाशी तंतोतंत जुळते, म्हणजे लेखकांनी आपला अभ्यास केलेला आहे.

आता खेळातील ऑरियसला वजन दिलेले नाही. तो ऐतिहासिक ऑरियसएवढा, म्हणजे सुमारे ८ ग्रॅमचा आहे असे धरू. विट ३५ पौंडांची म्हणजे साधारण १५.९ किलोची आहे. विटेच्या भावाने एका ग्रॅम सोन्याचे मोल होते ०.६६ बूच. त्या हिशेबाने एका ऑरियसमधील धातूची किंमत साडेपाच बुचांवर जात नाही, आणि तो बाजारात चालतो मात्र शंभराला! नाण्याची किंमत त्याच्यातील सोन्याच्या जवळजवळ एकोणीसपट आहे. उलट बाजूने पाहिले तर एका विटेतून १,९८० हून अधिक ऑरियस पाडता येतील आणि त्यांचे मोल दोन लाख बुचांच्या आसपास जाईल. ३७ विटा सोडून द्या, टांकसाळ हाताशी असलेल्या माणसाला दोन विटांतच सगळ्या तिजोरीचा पैसा वसूल होतो.

हा एकोणीसपटीचा फरक म्हणजे लीजनची तलवार आहे. लीजनच्या तळावर माल विकणारा व्यापारीच सांगतो की सीझरच्या मुलखात काफिल्यांना लुटारूंचे भय नाही. त्याच्या लेखी नाण्याचा खरा आधार तो सुरक्षित रस्ता आहे.

काळी मैना

गणित पटले, पण एक शंका आहे. मग प्रजासत्ताकाचा डॉलर का घसरला? त्यांच्याकडे तर लीजनपेक्षा मोठे सैन्य, कायदे, कारकून, कर, सगळेच होते.

अर्धवट अर्थशास्त्री

@काळी मैना, डॉलर घसरला तो सोन्यामुळेच. प्रजासत्ताकाची नोट आधी सोन्याशी बांधलेली होती. ब्रदरहुड ऑफ स्टील या जुने तंत्रज्ञान साठवणाऱ्या लढाऊ संघटनेने युद्धात त्यांच्या सोन्याच्या साठ्यांवर हल्ले केले, नोटेच्या बदल्यात सोने देण्याची शाश्वती संपली आणि लोकांचा विश्वास उडाला. तेव्हा हब या शहरातील व्यापाऱ्यांनी पुन्हा बुचे चलनात आणली आणि त्यांना पाण्याचा आधार दिला. १९९७ सालच्या पहिल्या 'फॉलआउट'मध्येही बुचांची हमी हबच्या पाणी विकणाऱ्या व्यापाऱ्यांचीच होती. मधल्या काळात, म्हणजे 'फॉलआउट २'मध्ये, प्रजासत्ताक भरात असताना बुचांना कोणी विचारत नव्हते. तिथे एका मोठ्या गाजावाजा केलेल्या खजिन्यात दहा हजार बुचे सापडतात आणि त्यांचे काहीच येत नाही. खेळाडूची इतकी सभ्य थट्टा मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

सरकार भक्कम असते तेव्हा सोन्याला भाव येतो आणि सरकार डळमळले की बुचाला, असा हा उलटा क्रम आहे. आपण घरी मात्र नेमके याच्या विरुद्ध शिकलेले असतो.

पेटीवाला

मित्रहो, आपण फार खोलात शिरत आहात. किंमत १०,५३९ ठेवली ती खेळाडूला मोह पडावा म्हणून आणि वजन ३५ ठेवले ते त्या मोहाचा त्रास व्हावा म्हणून. खेळ तयार करणाऱ्याने तक्त्यात दोन आकडे भरले, यापलीकडे त्यात काही नाही. खरी सोन्याची विट एवढी जड नसतेच. जागतिक बाजारात चालणारी प्रमाणित विट ४०० ट्रॉय औंसांच्या आसपास, म्हणजे साडेबारा किलोंपेक्षा किंचित कमी भरते. पौंडांत सांगायचे तर २७ ते २८.

रात्रपाळी

@पेटीवाला, आपला मुद्दा मला मान्य आहे आणि तोच मला अधिक रोचक वाटतो. २७ पौंडांची विट असती तर शक्ती ५ असलेल्या माणसाने सात विटा उचलल्या असत्या. ती मुद्दाम जड केली गेली. 'सोन्याची सुरी असली म्हणून उरी मारून घेऊ नये' ही आपली म्हण कोणीतरी वजनाच्या रकान्यात लिहून ठेवावी, तसे ते ३५ आहे.

आणि तिजोरीची रचनाही त्याला धरूनच आहे. कॅसिनोचा मालक फ्रेडरिक सिंक्लेअर याने ती वेरा कीज या अभिनेत्रीला प्रलयातून वाचवण्यासाठी बांधली. पुढे वेरा आणि गायक डीन डॉमिनो मिळून आपल्याला फसवत आहेत हे कळल्यावर त्याने त्याच तिजोरीत डॉमिनोसाठी सापळा लावला. तिथल्या संगणकावरील त्याची खासगी नोंद उत्सुकतेपोटी उघडली की दार कायमचे बंद होते. मी पहिल्यांदा ती नोंद वाचली होती. पाच विटा खांद्यावर, दार बंद आणि पडद्यावर सिंक्लेअरचे निरोपाचे शब्द, अशा अवस्थेत मी दोन मिनिटे नुसता बसून होतो.

सोनारआळी

मी खेळ खेळत नाही, मुलगा खेळतो. त्याने हा धागा दाखवला म्हणून लिहीत आहे. आमचे तीन पिढ्यांचे पेढीवरचे काम असल्याने विटेविषयी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटल्या.

पहिली अशी की अनोळखी माणसाने विट आणली तर भाव सांगण्याआधी ती सोन्याची आहे का, हे ठरवावे लागते. वडील कसोटीच्या काळ्या दगडावर आलेल्या मालाची रेघ ओढत आणि तिच्या शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सोन्याची दुसरी रेघ ओढत. मग दोन्हींवर तेजाबाचा थेंब सोडून कोणती रेघ किती विरते ते मान तिरकी करून पाहत. त्या दोन रेघांकडे पाहताना ते बोलत नसत आणि गिऱ्हाईकालाही बोलू देत नसत. अंगठीला, बांगडीला एवढे पुरते. पण कसोटी फक्त वरचा पापुद्रा सांगते. सोळा किलोच्या विटेच्या पोटात काय आहे ते तिला कळत नाही. आत शिसे असेल तर पाण्यात तोलून पकडता येते, कारण शुद्ध सोन्याची अशी विट जेमतेम ८२० मिलिलिटर पाणी बाहेर सारील, म्हणजे लिटरच्या बाटलीपेक्षाही कमी. टंगस्टन असेल तर तोलूनही उपयोग नाही, त्याची घनता सोन्याच्या जवळजवळ बरोबरीची असते. तिथे छिन्नीने विट तोडूनच पाहावी लागते.

दुसरी गोष्ट मोडीची. आमच्याकडे जुन्या मापाने आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. आपली ही विट भरेल सुमारे १,३६० तोळे, म्हणजे एक लाख तीस हजार गुंजा. एवढा ऐवज पाव-भाजी घेताना काढता येत नाही. तो वितळवून लहान करावा लागतो आणि त्यासाठी १,०६४ अंश सेल्सिअस उष्णता, कोळसा, भाता, मूस, टाकणखार आणि मूस कलंडू न देणारा हात लागतो. यांतील एकही वस्तू नसली तर ती विट दाराला आड लावण्याच्या कामाची. मुलगा म्हणतो की खेळात विटेचे तुकडे करताच येत नाहीत. मग त्या व्यापाऱ्याने काय घेतले ते देव जाणे.

उंबरठा

सोनारआळी, आपला प्रतिसाद वाचून हा धागा वाचल्याचे सार्थक झाले. 'कसोटीला उतरणे' हा शब्दप्रयोग जन्मभर वापरला, पण शेजारच्या दुसऱ्या रेघेबद्दल आज कळले.

काळी मैना

सोनारआळी यांनी दाखवलेली अडचण 'फॉलआउट ७६'मध्ये कशी सोडवली आहे ते सांगते. मला ती सोडवणूक अजिबात आवडलेली नाही, हेही आधीच सांगून ठेवते.

हा खेळ २१०२ साली, युद्धाला पंचवीसच वर्षे झालेली असताना, पश्चिम व्हर्जिनियात घडतो. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या 'वेस्टलँडर्स' या विस्तारित भागात आपण व्हॉल्ट ७९ हे युद्धापूर्वी बांधलेले तळघर फोडतो. युद्धापूर्वी फोर्ट नॉक्स या अमेरिकी सरकारच्या कोठारातील सोने तिथे हलवलेले असते आणि काही सीक्रेट सर्व्हिसवाले आत अडकून पडलेले असतात. वसाहतवाल्यांचा म्होरक्या पेज याला त्या सोन्याच्या आधारावर नवे चलन सुरू करून प्रदेश उभा करायचा असतो. दुसऱ्या बाजूला लुटारू असतात आणि लूट कोणाबरोबर करायची ते आपण निवडायचे. प्रत्यक्षातल्या फोर्ट नॉक्समध्ये १४.७ कोटी ट्रॉय औंसांहून अधिक, म्हणजे साडेचार हजार टनांच्या वर सोने आहे. त्यापुढे सिएरा माद्रेच्या ३७ विटा म्हणजे चिल्लर.

इथवर सगळे झकास आहे. पण लूट पार पडली की सोने हा पडद्याच्या कोपऱ्यातील एक आकडा होतो. त्याला वजन नाही. दिवसभर कामे करून ट्रेझरी नोटा मिळवायच्या, यंत्रात टाकायच्या, एका नोटेला दहा या दराने सोने घ्यायचे आणि दिवसाची मर्यादा संपली की उद्या यायचे. हे सगळे करून मिळते काय, तर चिलखते आणि शस्त्रे बनवण्याचे आराखडे. बँकेच्या खिडकीसमोर टोकन घेऊन बसल्यासारखे वाटते. पेजचे चलन कुठे चालताना दिसत नाही, लोक पुन्हा आपले बुचांवरच व्यवहार करतात. न्यू वेगासने वजन ठेवले म्हणून आपण आज तिथल्या विटांवर बोलत आहोत. ७६ मधील माझ्या खात्यात किती सोने पडून आहे, ते मला पाहिल्याशिवाय सांगताही येणार नाही.

अर्धवट अर्थशास्त्री

उत्तम निरीक्षण. त्याला एक पुरवणी जोडतो. सोने मुळात जमिनीतून निघते ते ठिकाणही या मालिकेत आहे. 'फॉलआउट २'मधील रेडिंग हे खाणींचे गाव. त्याच्यावर प्रजासत्ताक, व्हॉल्ट सिटी आणि न्यू रेनो या तिन्ही सत्तांचा डोळा असतो आणि खाणकामगार जेट या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेले असतात. सोन्याला भाव आहे, तो गावाबाहेरच्यांसाठी. काढणाऱ्याच्या हाती नशा येते.

वाळवंटी उंट

'मेट्रो २०३३' या खेळात युद्धापूर्वीची लष्करी काडतुसे हेच चलन आहे. अडचणीच्या क्षणी आपण अक्षरशः पैसे झाडून शत्रू मारतो. माझ्या मते कोणत्याही प्रलयोत्तर खेळातील हे सर्वांत प्रामाणिक चलन आहे, कारण सरकार नसले, विश्वास नसला, तरी गोळी चालते.

अर्धवट अर्थशास्त्री

@वाळवंटी उंट, काडतूस वापरले की संपते आणि पैसा घटतो, हा त्यातील तोटा आहे. युद्धकैद्यांच्या छावण्यांत सिगारेटचे असेच होई. आर. ए. रॅडफर्ड यांनी स्वतः कैदेत काढलेल्या दिवसांवर १९४५ साली लिहिलेल्या लेखात त्याचे वर्णन आहे. रेड क्रॉसची पार्सले आली की सिगारेटी मुबलक होऊन वस्तू महागत, आणि पार्सले अडकली की लोक आपला पैसा ओढून संपवत व भाव कोसळत.

मुद्दा असा की प्रलयानंतर वस्तूच चलन होते हे अर्धसत्य आहे. १९९१ नंतर सोमालियात मध्यवर्ती बँकच उरली नाही, तरी सोमाली शिलिंगच्या नोटा चालत राहिल्या. इराकमधील उदाहरण तर बुचांचे सख्खे भावंड शोभावे. १९९० च्या आखाती संकटानंतर सद्दामच्या राजवटीने हलक्या दर्जाच्या नव्या नोटा भरमसाट छापल्या. उत्तरेकडील कुर्द भागात मात्र जुन्या, 'स्विस दिनार' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नोटाच वापरात राहिल्या. त्या ज्या सरकारने काढल्या त्याने त्या रद्द ठरवल्या होत्या, तिथे त्यांच्यामागे कोणी उभे नव्हते, नव्याने कोणी छापतही नव्हते. २००३ मध्ये त्या बदलून द्यायची वेळ आली तेव्हा एका जुन्या दिनारला १५० सद्दामी दिनारांच्या बरोबरीचा दर मिळाला. नव्याने छापता येत नाही, हीच त्यांची पत होती.

बुचांचेही तेच. न्यू वेगासमध्ये क्रिमसन कॅरॅव्हॅन या व्यापारी कंपनीची प्रमुख आपल्याला सनसेट सार्सपरिला या शीतपेयाच्या कारखान्यात पाठवते, ते तिथले बुचे पाडणारे यंत्र निकामी करण्यासाठी. त्या मोहिमेत सोने नाही, तिजोरी नाही, पण अर्थशास्त्र सिएरा माद्रेपेक्षा जास्त आहे.

उंबरठा

आपल्याकडील शिवराईची आठवण झाली. १८१८ साली पेशवाई बुडाली तरी तांब्याची शिवराई पुढे कित्येक दशके बाजारात चालत होती. होन मात्र गेले ते देव्हाऱ्यात आणि संग्रहात.

पेटीवाला

मी माझा आधीचा प्रतिसाद अर्धा मागे घेतो. तक्त्यातील आकडा हा तक्त्यातील आकडाच आहे, पण तिजोऱ्यांविषयी एक गोष्ट बोलायची राहिली. या मालिकेत 'व्हॉल्ट' म्हणजे मुळात माणसे साठवण्याची तळघरे. व्हॉल्ट ७९ सोडला तर त्यांत सोने शोधायला कोणी जात नाही. पहिल्या खेळात आपण व्हॉल्ट १३ मधून बाहेर पडतो ते पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची एक चिप शोधायला, आणि त्यासाठी १५० दिवसांची मुदत असते. ओसाड व्हॉल्ट ३४ मध्ये माणसे जातात ती शस्त्रांच्या कोठारासाठी, व्हॉल्ट २२ मध्ये शेतीच्या संशोधनासाठी. ज्यातून काहीतरी करता येते त्यासाठी जीव धोक्यात घालतात. सोन्याची तिजोरी या सगळ्यात उपरी वाटते.

आणि सिएरा माद्रेतही आपल्याला तिथे अडकवणारा फादर एलायजा सोन्यामागे नाहीच. त्याला हवी आहेत कॅसिनोची चिप टाकली की अन्न, औषध, कपडे काढून देणारी यंत्रे, गोळी न लागणारे होलोग्रामचे पहारेकरी आणि तो विषारी लाल ढग. त्या यंत्रांसमोर ३७ विटा ठेवल्या तर मीही यंत्रच उचलीन.

सोनारआळी

मुलाने मघाशी मला ती तिजोरी प्रत्यक्ष खेळून दाखवली. दोन गोष्टी नोंदवतो.

एक, अर्धवट अर्थशास्त्री यांनी नाणी पाडण्याचा जो हिशेब मांडला त्यात घट धरलेली नाही. वितळवताना, ओतताना, कानस मारताना थोडे सोने जातेच. ते जमिनीत, राखेत, कपड्यांत जाते. आमच्या आळीत पूर्वी झारेकरी येत. ते पेढीतील केरकचरा आणि शेगडीची राख विकत घेऊन धूत बसत आणि त्यातून कण काढत. मुलगा पडक्या घरांतून कात्र्या, पत्र्याचे डबे, रिकाम्या बाटल्या गोळा करत होता, तेव्हा मला ते झारेकरीच आठवले. या खेळातील सगळी माणसे गेलेल्या जगाची राख धुणारी आहेत, त्यांच्या हाती अख्खी विट देणे हे विचित्रच.

दोन, तो सहा विटा घेऊन निघाला आणि जिन्यापाशी अडकला. मी म्हटले, एक टाक. त्याने टाकली नाही, औषधे टाकली.

काळी मैना

आणि मग?

सोनारआळी

मग काय, दोनदा मेला. तिसऱ्यांदा विट टाकली.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. धागा काढताना मला एवढी अपेक्षा नव्हती.

मूळ प्रश्नाबाबत माझे मत आता असे झाले आहे की मोहावीतील व्यापारी सोने घेतो ते पश्चिमेकडे प्रजासत्ताक आणि पूर्वेकडे लीजन शिल्लक आहेत म्हणून. त्या दोघांपैकी कोणीतरी एक दिवस आपल्या टांकसाळीसाठी ते घेईल, या भरवशावर तो विट फळीखाली सरकवून ठेवतो. व्हॉल्ट ७९ चे सोने युद्धानंतर पंचवीस वर्षांनी काही उभे करू शकले नाही आणि सिएरा माद्रेचे सोने दोनशे चार वर्षांनी विकले जाते, याचे कारण मला यातच दिसते. पेजकडे टांकसाळ असेल, पण तिचे नाणे शंभर मैलांवर घेणारे कोणी नव्हते.

या खेपेला मी पाच विटा आणल्या होत्या. दोन विकल्या, त्यांतून चिलखत आणि एक चांगली रायफल आली. उरलेल्या तीन नोव्हॅकच्या मोटेलमधील माझ्या खोलीत, पेटीत आहेत. त्यानंतर जवळपास चाळीस तास खेळलो, त्यांची गरज पडलेली नाही. मात्र ज्या ओसाड बंकरमधून सिएरा माद्रेला जायची वाट आहे, तिथले चिपांवर चालणारे यंत्र मी दर दोन-तीन दिवसांनी गाठतो. परवा रात्रीही स्टिमपॅक, म्हणजे जखमा भरणारी औषधे, संपली म्हणून तिथेच गेलो होतो.

सोनारआळी

त्या तीन विटा विकू नका. राहू द्या.

अर्धवट अर्थशास्त्री

सोनारआळी, आपण स्वतःच तर म्हणालात की ती विट दाराला आड लावण्याच्या कामाची आहे!

सोनारआळी

म्हणालो होतो. तरी राहू द्या.